भिंतीचा निवाडा

काच चुकीच्या रेषेवर तुटली तेव्हा तिने आधी रस्त्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. रस्त्यावरून कोणी बघत नव्हतं. नवरा हातातल्या दोन तुकड्यांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात ठेवून गेलं होतं.

"काच कापायचा हिरा बोथट झालाय," तो म्हणाला.

"झाला असेल. कधीचा आहे तो. द्या इकडे, बघते मी."

हिरा बोथट नव्हता. कालच संध्याकाळी तिने तो एका जुन्या तावावर चालवून पाहिला होता आणि काच कशी, गवतातून पाऊलवाट निघावी तशी सरळ उकलली होती. तिने तुकडे उचलले आणि मोडीच्या पेटीत हळूच ठेवले. टाकले असते तर आवाज झाला असता. आतल्या खोलीत लेक दोरीवरच्या उड्या मारत होती. तो फटक, फटक, फटक ठेका मध्येच थांबला असता आणि 'काय फुटलं गं?' म्हणत ती बाहेर आली असती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकवलेले काचांचे ताव, मधे जाड कांबळं पसरलेलं लांब टेबल, खिडकीत लांबीचे, म्हणजे काच चिकटवायच्या पांढऱ्या लुकणाचे, डबे. दोघांचा जन्म याच टेबलाच्या दोन बाजूंना गेला. तो माप घ्यायचा, कापायचा; ती कडा घासायची, चौकटीत बसवायची, लांबी भरायची. आता मापही तीच घ्यायची. आधी तो घ्यायचा, मग तो पाणी प्यायला आत गेला की ती पुन्हा घ्यायची. त्याने कापलेली काच चुकली की तशीच दुसरी कापून त्याच्या जागी ठेवायची आणि म्हणायची, "छान बसली हो तुमची."

वर्ष होत आलं असेल. आधी शब्द गेले, तेही छोटे छोटे. कपाला तो 'ते' म्हणू लागला, कात्रीला 'ते दुसरं'. मग बोटं थरथरायला लागली. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण तयार असे. चष्मा बदलायला हवा. झोप झाली नाही. ऊन लागलं. कारणं संपत आली होती आणि भीती मात्र संपत नव्हती. ती भीती तिच्या आधी उठे, तिच्याबरोबर भांडी घासे, तिच्याच उशीवर डोकं ठेवून निजे. नवऱ्याला कळू नये म्हणून ती हसे, लेकीला कळू नये म्हणून गुणगुणे, आणि गुणगुणता गुणगुणता तिच्याच ओठांवर एक दिवस कुठून तरी आलं होतं:

लेक माझी गं काचेची, तिला उन्हात ठेवू नये,
आरपार दिसे जीव, त्याला बोट लावू नये.

म्हणून झाल्यावर ती स्वतःच दचकली होती. कारण लेक काचेची नव्हती. लेक मुष्टियोद्धा होती. तिच्या वजनात तिने आजूबाजूच्या सगळ्या मुलींना हरवलं होतं, आणि आज दुपारी मोठ्या तालमीचे कोच तिला मागायला येणार होते.

मागायला, हा शब्द लेकीचाच. "आई, आज मला मागायला येतायत," सकाळी ती दात घासता घासता म्हणाली. "तू चहा कर, मी मान खाली घालून बसते."

"तू आणि मान खाली," आई म्हणाली.

"हनुवटी तरी खाली असतेच की. बाबांनीच शिकवलंय."

बाबांनी शिकवलं होतं. तरुणपणी बाबांना सगळे 'भिंत' म्हणत. स्वतःचे असे सामने त्याच्या नावावर फार नव्हते; किताब तर दूरच राहिला. पण ज्या काळात सामने पंधरा फेऱ्यांचे होत आणि लाइट हेवीवेटचा किताब ही साऱ्या गावगप्पांची मालमत्ता होती, त्या काळात या गटाचे तीन दिग्गज होऊन गेले, आणि सरावाला त्या तिघांच्याही समोर हा उभा राहिला होता. एक 'घण', एक 'मास्तर', एक 'बगळा'. तिघांचेही ठोसे अंगावर घेतलेला माणूस जगात एकच उरला होता, आणि तो गल्लीच्या टोकाला काचा विकत होता.

म्हणूनच लेक म्हणाली होती, "तिघांत सगळ्यांत मोठा कोण ते बाबा सांगतील. ज्याचं नाव घेतील त्याच्या तालमीत मी जाईन. असा माणूस घरात असताना मी बाहेर कुणाला कशाला विचारू?"

बगळ्याची तालीम कधीच बंद पडली होती. मास्तरची होती, बाजारामागच्या गोदामात, छोटी. तिथे सराव हलक्या हाताने चाले. समोरच्याला नुसतं टेकवून दाखवायचं, 'इथे लागला असता' म्हणून. घणाची तालीम मोठी, तिथूनच किताबवाले निघत. तिथला नियम घणानेच घालून दिलेला: सराव पूर्ण दमाने, जे रिंगणात तेच तालमीत. आणि आज येणारे कोच हे घणाचे पट्टशिष्य.

नवऱ्याचं उत्तर काय असणार हे बायकोला ठाऊक होतं. आजवर कुणीही विचारलं की तो क्षणभरही न थांबता म्हणे, "घण." म्हणताना ताठ उभा राही. कपाटात ढाल नव्हती, भिंतीवर फोटो नव्हता; होती ती एवढीच मिरास, की घण त्याला रोज समोर उभं करत असे.

तुटलेल्या काचेचे तुकडे झाकून ती त्याच्यापाशी आली.

"अहो, एक ऐकाल? आज मास्तरचं नाव घ्या."

"का?"

"घ्या असंच. माझ्यासाठी."

"खोटं बोलू? पोरीशी?" त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याची नजर पूर्ण जागी होती. "घणासमोर दुसरा कुणी महिनाभरसुद्धा टिकला नाही. मी टिकलो."

'तुम्ही तरी कुठे टिकलात,' हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने ते गिळलं. कडक औषध गिळावं तसं, डोळे मिटून.

दुपारी आधी आला तो शेजारचा न्हावी. दुकान बंद ठेवून, खांद्यावरचा टॉवेल तसाच. हा मास्तरचा जुना भक्त; रविवार दुपार त्याची इथेच जायची.

"वहिनी, भिंत कुठाय? रंग दिला की नाही तिला, पाहुणे येणार म्हणून?"

"भाऊजी, तुम्ही आज जरा बोला," ती हळूच म्हणाली. "मास्तरबद्दल बोला."

"हे सांगायला लागतं होय मला?"

मग कोच आले. मोठा माणूस, रुंद मान, बसका आवाज, बोलणं अगदी मऊ. दारात चपला काढताना त्यांनी वाकून भिंतीच्या पायांना हात लावला आणि बायको हादरली. आडदांड माणूस येईल, अरेरावी करेल, असं तिने धरलं होतं. अशा माणसाला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"भाऊ, घण तुमची फार आठवण काढायचे," कोच म्हणाले. "शेवटच्या दिवसांतसुद्धा. म्हणायचे, भिंत होती म्हणून मी झालो."

भिंतीचा चेहरा असा उजळला की तिला तिकडे बघवेना. ती चहा आणायला आत वळली. पण कान बाहेरच होते.

"घण मोठा होताच," न्हाव्याने सुरुवात केली. "पण मास्तरने त्याला पंधरा फेऱ्या नाचवला होता, हे विसरू नका. हात लावू दिला नाही अंगाला."

"आणि परतीच्या सामन्यात काय झालं?" कोच हसले. "सहाव्या फेरीत मास्तर दोरांवर लटकले होते. वाळत घातल्यासारखे."

"तोवर मास्तरचं वय काय झालं होतं ते सांगा ना. पाय गेले होते त्यांचे."

"पाय गेले की काय उरतं, काका? हात उरतो. घणांचा हात शेवटपर्यंत होता."

"बरं, मास्तरला ठेवा बाजूला. बगळा घ्या. बगळा वरच्या वजनात गेला, हेवीवेटच्या माणसाला झोपवून आला. हत्तीएवढा माणूस! तुमचा घण कधी गेला वर? आपल्याच गल्लीत राजा."

"गरजच काय? सगळे जण इथेच यायचे मार खायला. रांग लावून." कोच भिंतीकडे वळले. "आणि बगळ्याला मारणारा एकदा अंगाशी भिडला की संपलं. लांब हात नुसता लांबून कामाचा. जबडा काचेचा होता त्याचा. खरं की नाही, भाऊ?"

"काचेला नावं ठेवू नका या घरात," लेक म्हणाली, आणि सगळे हसले. आईही दाराशी ट्रे घेऊन उभी असताना हसली. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजले.

भिंत अजून बोलला नव्हता. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. बोलणाऱ्याच्या वेगापेक्षा त्याची नजर थोडी उशिरा पोचत होती. कोचना ते दिसतंय का? लेकीला? आई कप ठेवत असताना त्याने तिच्याकडे पाहून विचारलं, "मास्तरचं काय झालं पुढे? आला नाही तो?"

मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"गंमत करतायत," ती पटकन म्हणाली. "भाऊजींना चिडवायला."

"माझी गंमत करायची यांची जुनी खोड," न्हावी म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत राहिला.

"बाबा," लेक म्हणाली, "आता तुम्ही सांगा. सगळ्यांत मोठा कोण?"

आईने ट्रे छातीशी धरला.

"घण," भिंत म्हणाला.

कोचनी हात जोडले. लेकीने मान हलवली, ठरलं तर मग, अशी. आणि आईला वाटलं, आपल्या पायाखालून कुणीतरी अगदी अलगद, आवाज न करता, जमीन सरकवून घेतली. तिला लेक दिसली, आणखी वीस वर्षांनी, एका टेबलापाशी, कपाकडे बोट दाखवून 'ते' म्हणणारी.

"पण नुसतं नाव घेऊन काय होतंय," भिंत उठत म्हणाला. "ऊठ. दाखवतो. हात वर."

लेक उठली, हनुवटी खाली, मुठी गालांशी. काचांच्या तावांसमोर दोघं उभी राहिली आणि त्या तावांत त्यांची कितीतरी फिकट रूपं एकामागे एक उभी राहिली. आईला ओरडायचं होतं. सकाळी ज्याला काचेवरची रेषा दिसली नव्हती, काल ज्याचा हात लांबीचा डबा धरायला गेला तो डब्याच्या अलीकडेच मिटला होता, तो आता लेकीच्या चेहऱ्यासमोर मूठ उगारत होता.

"हा मास्तर," तो म्हणाला. डावा हात सुटला तो बोलण्याइतका सहज, आणि लेकीच्या नाकापुढे केसभर अंतरावर थांबला. तिच्या कपाळावरची बट तेवढी हलली. "दिसला? आला आणि कळवून गेला. सरावात माझा पाय घसरला तर हात अर्ध्यात आवरायचा. म्हणायचा, नीट उभा राहा, मग पुढे."

श्वास सोडायला आईला वेळ मिळाला नाही.

"हा बगळा." आता उजवा, लांबून, खांद्यातून उलगडत आलेला. तोही थांबला, गालाजवळ. थोडा थरथरला, पण थांबला. "हा मारताना घाबरलेला असायचा. घाबरलेल्या माणसाचा ठोसा लांब जातो. पण तो तुझ्याकडे बघायचा. त्याच्या डोळ्यांत तू असायचीस."

"आणि घण?" लेक म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

भिंतीने डावा खांदा मागे नेला. गुडघे वाकले, टाच उचलली गेली. क्षणभर तिथे म्हातारा काचवाला नव्हता. कुणीतरी भयंकर, तरुण माणूस त्याच्या शर्टात शिरला होता. तिचा ट्रे हातातून सुटला. तो खाली पडून गोल गोल वाजत राहिला, आणि ते वाजणं संपेपर्यंत त्या खोलीत कुणीच हललं नाही.

भिंतीचा हात तिथेच होता, मागे. मग त्याने तो खाली आणला.

"हा दाखवता येत नाही," तो म्हणाला.

"का, बाबा?"

"थांबवता येत नाही हा. त्यालाही थांबवता यायचा नाही."

"तीच तर थोरवी होती, भाऊ," कोच हळू आवाजात म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. त्याच्याइतका मोठा कुणी झाला नाही. मास्तर नाही, बगळा नाही. ते दोघं मारायच्या आधी विचार करायचे. घण नाही करायचा. सामन्यात असो नाही तर तालमीत. माझा हात खाली असला तरी, मी पाणी मागत असलो तरी. त्याला मी दिसायचोच नाही. समोर काहीतरी उभं आहे एवढंच." तो थांबला. शब्द शोधत राहिला. ती नेहमीप्रमाणे पुढे सरकली, शब्द पुरवायला, पण त्याने हाताने तिला थांबवलं. "मी त्याचा अभिमान धरला. डोक्यावर तेवढे ठोसे खाऊन टिकलो म्हणून. पण त्या... त्या दिवशी, दूध आणायला गेलो तेव्हा, मी याच रस्त्यावर उभा होतो आणि मला घर सापडत नव्हतं. कुणीतरी हाताला धरून आणलं. ही म्हणाली, ऊन लागलं."

त्याने बायकोकडे पाहिलं. रागाने नाही.

"त्या दिवशी ढग होते," तो म्हणाला.

तिचा हात तोंडावर गेला.

"हिराही बोथट नाहीये. माझ्या मागे काच कोण कापतं ते मला माहीत आहे. बोलत नव्हतो, कारण ही इतक्या मनापासून खोटं बोलायची."

कोच मान खाली घालून बसले होते. त्यांच्या हातातला कप अजून भरलेला होता. त्यांनी आपली स्वतःची बोटं एकदा पसरली, मिटली, पुन्हा पसरली. आणि तिला कळलं की ह्या मोठ्या माणसालाही आत्ता भीती वाटते आहे, तिच्यासारखीच, आणि कदाचित फार आधीपासून.

"लेकीला इतक्या वर्षांत मी तेवढंच सांगत आलो," भिंत म्हणाला, "मोठा कोण. ती विचारायची तेच. कुणाच्या समोर उभं राहावं हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

"आता विचारते," लेक म्हणाली.

"मास्तरच्या तालमीतल्या पोरांसमोर उभी राहा. किताब मिळेल की नाही, ते मला सांगता यायचं नाही. कदाचित नाही मिळणार."

मग लेक कोचकडे वळली. "मी नाही येत, सर."

"हो," कोच म्हणाले. ते उठले. दाराशी जाऊन चपला घालताना त्यांना पट्टा सापडेना. न्हावी वाकला आणि त्याने तो लावून दिला. "जपून जा," न्हावी म्हणाला. "रविवारी या. भांडायला माणूस लागतो." कोचनी नुसती मान हलवली आणि ते गल्लीतून चालत गेले, भिंतीच्या कडेकडेने, हळू.

न्हावीही मग टॉवेल झटकून निघाला. ट्रे अजून जमिनीवरच होता. आई तो उचलायला वाकली आणि तशीच, वाकलेलीच, जमिनीवर बसली. वर्षभर जे एकटीने धरून ठेवलं होतं ते आता तिघांत होतं. त्यामुळे ते हलकं झालं नव्हतं. आता लपवायलाही काही नव्हतं, आणि लपवणं हेच तर तिचं काम होऊन बसलं होतं.

भिंत टेबलापाशी जाऊन बसला. दमला होता. त्याच्या गालावर लांबीचा पांढरा ठिपका लागला होता, सकाळपासून तसाच. लेक त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसली.

ती लहान असताना त्यांचा एक खेळ होता. बाबांच्या नाकाला हात लावून दाखवायचा. जेवताना, पेपर वाचताना, अगदी ते डुलकी घेत असतानाही ती चोरपावलांनी जायची आणि बोट पुढे करायची; आणि दर वेळी, डोळेही न उघडता, त्याची मान डावीकडे झुकायची आणि बोट हवेत जायचं. ती रडायची, चिडायची, पुन्हा यायची. मोठी झाल्यावर मूठ घेऊन आली, तरीही नाही. एवढ्या वर्षांत एकदाही त्या चेहऱ्याला तिचा हात लागला नव्हता, त्याने ठरवून लागू दिला तेव्हाखेरीज.

"बाबा, गालाला लांबी लागलीय," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

आईने जमिनीवरून पाहिलं.

मान झुकली नाही. तो समोर बघत राहिला, शांत, आणि लेकीची बोटं सरळ त्याच्या गालाला लागली. लेक थांबली, जणू चुकून कुणा दुसऱ्याच्या घरात शिरली असावी. मग तिने अंगठ्याने तो पांढरा ठिपका हळूहळू पुसला. पुसून झाला तरी तिने हात काढला नाही.